चार बाय पाचच्या कॅमेऱ्यात फोकसची पद्धत कशी निवडावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुना चार बाय पाच इंचांचा लाकडी फील्ड कॅमेरा (भात्याचा, फिल्मच्या सुट्ट्या शीटवर फोटो काढणारा), १५० मिलिमीटरची लेन्स आणि शीट ठेवायचे सहा होल्डर तुमच्या हाती आले. पहिल्या दहा शीटपैकी सात सॉफ्ट, म्हणजे धूसर, निघाल्या. एक मित्र सांगतो टिल्ट (लेन्स पुढे-मागे झुकवणं) शीक, दुसरा सांगतो तक्ता पाठ कर, तिसरा म्हणतो एफ/६४ लाव (म्हणजे लेन्सचं छिद्र, अॅपर्चर, अगदी बारीक कर) आणि निर्धास्त राहा. तेव्हा काचेवर भिंग लावून, जवळ-दूर मोजून, टिल्ट करून की रेंजफाइंडरने (अंतरमापक यंत्राने), यातली कोणती एक पद्धत धरावी?

एकच धरायची म्हटली तर जवळ-दूर मोजण्याची धरा. पण मी स्वतः एकाच पद्धतीवर चालत नाही, आणि गोव्यात काम करायचं तर तुम्हालाही ते परवडणार नाही. फोंड्याच्या देवळाचं प्रांगण, पेडण्याचं मिठागर आणि बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) बसलेली आजी, या तिघांना एकच औषध लागू पडत नाही. काळं कापड डोक्यावर घेण्याआधी मी जागा पायी फिरून येतो आणि स्वतःला एवढंच विचारतो, की जे जे शार्प हवं आहे ते एका पातळीवर पसरलंय का? शेत, पाणी, कातळ, लांब पळत जाणारी भिंत असेल तर टिल्ट किंवा स्विंग (लेन्स आडवी वळवणं). उंच-सखल, जवळ-लांब सगळीकडे विखुरलेलं असेल तर टिल्टचा नॉब शून्यावर ठेवायचा आणि जवळ-दूर मोजायचं. समोर श्वास घेणारा माणूस असेल तर दोरी, तिचं पुढे सांगतो. निवड इथेच होते, काचेवर नंतर फक्त अंमलबजावणी.

मात्र दहापैकी सात शीट सॉफ्ट म्हटल्यावर मला पद्धतीआधी तुमच्या काचेचा संशय येतो. जुना कॅमेरा आहे, कोणी कधी काच बदलली असेल सांगता येत नाही. ग्राउंड ग्लासची, म्हणजे चित्र दिसतं त्या मागच्या काचेची, घासलेली बाजू लेन्सकडे हवी, आणि ती बाजू ज्या खोलीवर बसते अगदी त्याच खोलीवर होल्डरमधली फिल्म बसली पाहिजे. चार बाय पाचच्या होल्डरसाठी ही खोली ०.१९७ इंच, म्हणजे पाच मिलिमीटर ठरलेली आहे आणि चूक चालते ती फक्त ०.००७ इंचाची. पोस्टकार्डाच्या जाडीएवढाही फरक इथे खपत नाही.

माझ्यावर हे बेतलेलं आहे. माझी काच फुटली तेव्हा एका दुरुस्तीवाल्याकडून नवी बसवून घेतली. त्याने आपल्या परीने भलं करायचं म्हणून, काच उजळ दिसावी यासाठी, दीड मिलिमीटर जाडीची फ्रेनेल लेन्सही घातली. फ्रेनेल म्हणजे ती बारीक वर्तुळाकार रेघांची प्लास्टिकची पट्टी. पण त्याने ती काचेच्या पुढे, लेन्सच्या बाजूला सरकवली आणि काच तेवढीच मागे ढकलली गेली. प्लास्टिकमधून जाताना प्रतिमा जाडीच्या एक तृतीयांश मागे सरकते, त्यामुळे चुकीतला तेवढा भाग आपोआप भरून निघाला, तरी उरलेला एक मिलिमीटरचा घोळ राहिलाच. वर्षभर मला पत्ताच नव्हता. देखावे एफ/२२, एफ/३२ वर काढायचो, तिथे एक मिलिमीटरची चूक झाकली जाते. मग मिठागरात राबणाऱ्या लोकांची व्यक्तिचित्रं काढायला घेतली, दीड मीटरवरून, एफ/८ वर. काचेवर पापण्यांचे केस मोजून घ्यावेत इतकं स्पष्ट, आणि निगेटिव्हवर डोळे धुरकट, कानातल्या कुड्या मात्र लखलखीत. १५० मिमीच्या लेन्सला दीड मीटरवर फिल्मच्या जागी एक मिलिमीटरची चूक म्हणजे प्रत्यक्षात आठ-साडेआठ सेंटिमीटर मागे. डोळ्यापासून कानापर्यंतचं अंतर तेवढंच. ती माणसं दुसऱ्या दिवशी परत बसली, पण उन्हाचा तो तिरपेपणा परत आला नाही.

म्हणून आधी एक शीट खर्च करा. पाच काडेपेट्या एकीमागे एक पाच-पाच सेंटिमीटर अंतराने, थोड्या तिरक्या, अशा मांडा की सगळ्यांची लेबलं दिसतील. दीड मीटरवर कॅमेरा ठेवा, मधल्या पेटीवर फोकस करा आणि लेन्स पूर्ण उघडी ठेवून फोटो काढा. मधली पेटी शार्प आली तर कॅमेरा निर्दोष, पुढचं सगळं वाचा. चौथी-पाचवी शार्प आली तर काच मागे बसली आहे, पहिली-दुसरी आली तर पुढे. एफ/२२ वर ही चाचणी करू नका. तिथे सगळ्याच पेट्या शहाण्यासारख्या वागतात.

भिंगाबद्दल दोनच गोष्टी. चार ते सात पट मोठं दाखवणारं पुरे. दहा पटीच्या भिंगातून चित्र दिसत नाही, काचेचे खडबडीत कण दिसतात आणि माणूस त्या कणांवरच फोकस करत बसतो. आणि भिंग स्वतः घासलेल्या बाजूवर जुळवून घ्या: लेन्सला टोपी घाला, मागून थोडा उजेड येऊ द्या, कण टोकदार दिसेपर्यंत भिंगाची कड फिरवा, मग तिथे चिकटपट्टी लावून टाका. चाळिशी ओलांडली असेल तर चष्मा घालून. मी तीनेक वर्षं अहंकारापायी चष्मा खिशात ठेवला आणि त्या काळातल्या निगेटिव्ह आजही मला चिडवतात. कापडाचं म्हणाल तर आपल्या हवेत जाड मखमल म्हणजे शिक्षा. आतून काळं, बाहेरून पांढरं सुती कापड घ्या, आणि श्वास खाली सोडायची सवय लावा. पावसाळ्याच्या तोंडाला काच श्वासाने धूसर होते आणि आपल्याला वाटतं फोकस गेला.

आता जवळ-दूर पद्धत. हिच्यावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण माझी दहातली सात कामं हिच्यावर निघतात.

कॅमेऱ्याच्या बेडवर (पुढे उघडणाऱ्या पाटावर) मिलिमीटरच्या खुणा असलेली कागदी पट्टी चिकटवा आणि पुढच्या स्टँडर्डवर (लेन्स धरणाऱ्या चौकटीवर) पेन्सिलीने एक बारीक रेघ मारा. लेन्स पूर्ण उघडी ठेवा. चौकटीत जी सर्वांत जवळची वस्तू शार्प हवी तिच्यावर फोकस करा आणि पट्टीवरचा आकडा वाचा. मग सर्वांत लांबच्या वस्तूवर करा, तो आकडा वाचा. दोन्हींमधलं अंतर हेच तुमचं उत्तर. स्टँडर्ड बरोबर मधोमध आणून लॉक करा. कुठलीही एक वस्तू त्या वेळी काचेवर लख्ख दिसणार नाही, त्याने बिचकू नका.

मधोमध का? कारण फिल्मच्या बाजूला जी सूट मिळते ती पुढे आणि मागे सारखीच असते. लोक समोरच्या दृश्यात 'एक तृतीयांश आत फोकस कर' असं सांगतात, ते वाक्य मला कधीच पटलेलं नाही. साधं उदाहरण घ्या. देवळाच्या प्रांगणात तुळशी वृंदावन ५ मीटरवर, मागे सभामंडप ३० मीटरवर. बेडवर मधोमध थांबलात तर प्रत्यक्ष फोकस साडेआठ मीटरवर पडतो. एक तृतीयांशवाला तेरा मीटरच्या पुढे फोकस करील, आणि वृंदावनावरचे गिलाव्याचे बारकावे हातचे घालवील.

त्या अंतरावरून अॅपर्चर ठरतं. हिशोब सोपा आहे: बेडवरच्या अंतराचं अर्ध करा, त्याला एफच्या आकड्याने भागा, येतो तो अस्पष्ट ठिपक्याचा व्यास. चार बाय पाचला हा ठिपका ०.१ मिलिमीटरपर्यंत साधारण खपतो. मी त्याहून जरा कडक राहतो. माझ्या होल्डरवर पेन्सिलीने लिहिलेलं आहे ते असं: २ मिमी असेल तर एफ/२२, ३ ते ४ असेल तर एफ/३२, ५ ते ६ असेल तर एफ/४५, आणि ७ च्या पुढे गेलं तर 'जागा बदल'. शेवटचे दोन शब्द मोठ्या अक्षरांत काढलेले आहेत. वरच्या उदाहरणात अंतर ३.९ मिमी येतं, म्हणून एफ/३२. पण मी आधी वृंदावनापासून ३ मीटरवर उभा होतो, तेव्हा पट्टीवर सात मिमीपेक्षा जास्त आलं होतं. दोन मीटर मागे सरकलो आणि अंतर जवळपास निम्म्यावर आलं. फुकटात मिळालेला हा स्टॉप (अॅपर्चरची एक पायरी) कोणत्याही टिल्टपेक्षा भारी. तीन मीटरवरूनच घ्यायचं असतं तर ९० मिमीची लेन्स लावली असती, तिला त्याच जागेवरून अडीच मिमीच पडतात. पण मग सभामंडप काडेपेटीएवढा झाला असता.

आणि दीपस्तंभ. मंगेशीचा सात मजली दीपस्तंभ डोळ्यांसमोर आणा. असला उंच खांब चौकटीत असताना जमिनीसाठी टिल्ट केला की वरचे मजले फोकसबाहेर जाणार हे नक्की. इथे फिल्म उभी, लेन्स उभी, उंची हवी तर राइज (लेन्स सरळ वर सरकवणं), आणि बाकी सगळं अॅपर्चरवर. (देवस्थान समितीची परवानगी आधी घ्या आणि ट्रायपॉडच्या पायांना रबराचे बूट घाला. लादीवर लोखंडी टोकाचा एक ओरखडा उठला की पुढच्या दहा छायाचित्रकारांची दारं बंद होतात.)

एफ/६४ वाल्या मित्राबद्दल. १९३२ साली कॅलिफोर्नियातल्या छायाचित्रकारांच्या एका गटाने हेच अॅपर्चर आपलं नाव म्हणून घेतलं, त्यामुळे या आकड्याला एक वलय आहे. पण त्यातले अनेक जण आठ बाय दहावर काम करत, त्यांची निगेटिव्ह मोठी करावीच लागत नसे, कॉन्टॅक्ट प्रिंट काढत. तुमची चार बाय पाच आहे. अॅपर्चर जितकं बारीक तितका प्रकाश कडांवर पसरतो. एफ/२२ ला एका बिंदूचा ठिपका साधारण ०.०३ मिमीचा होतो, एफ/४५ ला ०.०६ आणि एफ/६४ ला जवळपास ०.०९. म्हणजे एफ/६४ वर फोकस अचूक असला तरी सगळं चित्र सारख्याच प्रमाणात थोडं सॉफ्ट.

दुसरं कारण आपल्या किनाऱ्याचं. सकाळी लवकर मतलई वारा (जमिनीवरून समुद्राकडे जाणारा) सुटतो तो बहुधा हलका असतो, झावळ्या जवळजवळ स्थिर. ऊन चढलं की खारा वारा समुद्रावरून येतो आणि दुपारपर्यंत माडांचे शेंडे झिंगलेले असतात. स्वच्छ उन्हात १०० आयएसओच्या फिल्मला एफ/१६ वर सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. एफ/४५ वर तेच सेकंदाच्या बाराव्या भागावर येतं, आणि पहाटेच्या उजेडात चार स्टॉप कमी धरले तर सव्वा सेकंदाच्या पुढे. फोकसने वाचवलेली झावळी वाऱ्याने नेली तर काय उपयोग? म्हणून एफ/३२ आणि एफ/४५ यांत अडलो तर आधी वाऱ्याकडे बघतो.

आता टिल्ट. टिल्टची ख्याती त्याच्या गरजेपेक्षा मोठी आहे असं माझं मत. पण जिथे तो लागतो तिथे दुसरं काहीच चालत नाही.

रिवणजवळ कुशावतीच्या काठी उसगाळीमळला जांभ्या कातळावर कोरलेली चित्रं आहेत, बैल, माणसं, तो गोल चक्रव्यूह. नदीकाठचा तो कातळ जवळजवळ आडवा आहे आणि चित्रं जमिनीवरच पसरलेली. तिथे कॅमेरा दीड मीटर उंचीवर ठेवून जवळच्या बैलापासून लांबच्या झाडीपर्यंत जवळ-दूर मोजलं तर पट्टी संपते. इथे शार्प हवं ते सगळं एका पातळीवर आहे. शाइम्फ्लुगचा नियम याच कामासाठी. तो ऑस्ट्रियाच्या सैन्यातला कॅप्टन, बलूनमधून काढलेल्या तिरक्या फोटोंवरून नकाशे करायचे म्हणून या विषयात शिरला आणि १९०४ मध्ये त्याने पेटंट घेतलं. त्याच्याआधी १९०१ मध्ये जूल कार्पांतिये या फ्रेंच माणसाने तीच गोष्ट मांडली होती. नियम असा: फिल्मची पातळी, लेन्सची पातळी आणि शार्प येणारी पातळी या तिन्ही वाढवल्या तर एकाच रेषेत भेटतात.

हे वाचून काचेवर काही सुचत नाही, मलाही कधी सुचलं नाही. कामाला येतो तो त्याचा जोडीदार, बिजागरीचा नियम. लेन्स पुढे झुकवली की तिच्या बरोबर खाली कुठेतरी एक अदृश्य बिजागरी बसते. झुकाव जितका जास्त तितकी बिजागरी लेन्सच्या जवळ. त्यानंतर फोकसचा नॉब फिरवला की शार्प पातळी दाराच्या फळीसारखी त्या बिजागरीभोवती फिरते. तेव्हा करायचं एवढंच: बिजागरी जमिनीवर बसेल इतका टिल्ट द्यायचा आणि फळी जमिनीवर टेकेपर्यंत नॉब फिरवायचा.

किती टिल्ट? मागची बाजू ओळंब्यात उभी असेल तर लेन्सचे मिलिमीटर भागिले लेन्सची जमिनीपासून उंची सेंटिमीटरमध्ये, गुणिले सहा. दीड मीटर उंचीवर १५० मिमीला सहा अंश येतात (नेमका आकडा पावणेसहाच्या आसपास), ९० मिमीला साडेतीन, २१० मिमीला आठ. नवशिके वीस अंश वाकवून बसतात आणि मग काचेवर काहीच जमत नाही म्हणून कॅमेऱ्याला शिव्या घालतात. तुमच्या कॅमेऱ्यावर अंशांच्या खुणा नसतील तर शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक चालतो.

आकडेमोड नको असेल तर काचेवर करायची रीत आहे. तुमच्या कॅमेऱ्यात लेन्सबोर्ड (लेन्स बसवलेली फळी) खालच्या कडेवर झुकतो असं धरून सांगतो. आधी लांबच्या वस्तूवर फोकस करा. चित्र उलटं आहे हे विसरू नका, लांबची जमीन काचेवर मध्याजवळ आणि जवळची जमीन वरच्या कडेला. मग जवळची वस्तू सुधारेपर्यंत लेन्स पुढे झुकवा. लांबची बिघडेल, ती नॉबने परत आणा. पुन्हा जवळची टिल्टने. तीन-चार फेऱ्यांत दोन्ही जुळतात. पाचव्या फेरीतही जुळत नसतील तर तुम्ही निवडलेल्या दोन वस्तू एका पातळीवर नाहीतच. कापडाबाहेर या आणि पुन्हा बघा. मी स्वतः हिशोबाने टिल्ट देऊन सुरुवात करतो आणि एका फेरीत काचेवर पक्कं करतो.

टिल्ट कुठे दगा देतो ते मिठागरात शिकलो. आगरवाड्याला सकाळी बांदावर कॅमेरा लावला, मिठाचे कप्पे समोर लांबपर्यंत, पलीकडे वीसेक मीटरवर माडांची रांग. पातळी नेमकी पाण्यावर बसवली. निगेटिव्हवर मिठाची साय, बांदाच्या चिखलातल्या भेगा, सगळं सुईसारखं. माडांचे बुंधे बरे, आणि शेंड्यांचा कापूस झालेला. टिल्ट केल्यावर शार्प मिळणारा भाग पाचरीसारखा असतो: बिजागरीपाशी शून्य आणि लांब जाईल तसा जाड. १५० मिमी, एफ/२२ आणि दीड मीटर उंची धरली तर दहा मीटरवर पातळीच्या वर-खाली दीड दीड मीटर मिळतात, वीस मीटरवर तीन तीन मीटर. माड बारा मीटरचा. हिशोब सरळ होता, मी केला नव्हता.

त्याहून गमतीची गोष्ट म्हणजे कप्प्यातल्या पाण्यात पडलेलं माडांचं प्रतिबिंबही धुरकट होतं. पाणी शार्प, मग पाण्यातलं चित्र का नाही? कारण प्रतिबिंब पाण्याच्या पृष्ठभागावर नसतं. लेन्सच्या हिशोबाने तो माड जमिनीखाली उलटा उभा आहे, वर आहे तितकाच खाली, तितक्याच अंतरावर. पाचरीच्या वर शेंडा निसटतो तसाच खालीही निसटतो. खाजनात (बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीत), मानशीपाशी (तिथल्या पाण्याच्या झडपेपाशी), भरतीच्या पाण्यात कुठेही प्रतिबिंब हे चित्राचं सार असेल तर टिल्ट पाण्यासाठी करू नका. फक्त माड आणि मीठ हवं असेल तर आता मी तिथे अर्धा टिल्ट देतो, तीन अंश. त्याने बिजागरी जमिनीखाली जाते. मग फळी उचलून ती माडाच्या साधारण मध्यावर टेकवतो आणि उरलेलं एफ/३२ वर सोडतो. प्रतिबिंबही हवं असेल तर टिल्ट शून्य करून दोन पावलं मागे. बांदावर मागे पाऊल टाकताना बघून टाका, एवढंच. आणि ट्रायपॉडचा पाय चिखलात हळूहळू रुततो, म्हणून फिल्म घालण्याआधी पुन्हा एकदा काच बघा. मी पायांखाली नारळाच्या करवंट्या ठेवतो.

स्विंग म्हणजे हाच टिल्ट आडवा. पणजीत फोंतेन्हासच्या गल्लीत भिंतीला लागून उभे राहिलात आणि रंगीत भिंत लांब पळत गेली की लेन्स भिंतीच्या दिशेने किंचित वळवायची, हिशोबात उंचीच्या जागी भिंतीपासूनचं अंतर. दोन मीटरला १५० मिमीला चारेक अंश. मात्र समोरची बाल्कनी भिंतीतून पुढे आलेली असते हे लक्षात ठेवा.

जवळून काम करताना नॉब कुठला फिरवायचा हाही प्रश्न येतो. कावीच्या (भिंतीवरच्या तांबड्या रंगाच्या) नक्षीचे तपशील, समईची पितळी कळी असलं काही जवळजवळ मूळ आकारात घ्यायचं असेल तर पुढच्या स्टँडर्डने फोकस करायचा प्रयत्न सोडा. मूळ आकाराला भाता लेन्सच्या दुप्पट, म्हणजे १५० ला ३०० मिमी, ताणलेला असतो, आणि त्या जागी लेन्स पुढे-मागे केली तर फोकस बदलतच नाही म्हणा, फक्त वस्तू लहान-मोठी होते. मागचं स्टँडर्ड हलत असेल तर त्याने करा, नसेल तर अख्खा कॅमेरा किंवा वस्तूच सरकवा. आणि दोन स्टॉप प्रकाश वाढवायला विसरू नका. कावीची भिंत सपाट घेताना कॅमेरा समांतर आहे का हे बघायला भिंतीवर छोटा आरसा टेकवून धरा. काचेच्या मध्यभागी लेन्सचंच प्रतिबिंब दिसलं की समांतर.

माणसांसाठी दोरी. व्यक्तिचित्रात खरा धोका फोकस करताना नसतो, तर फोकस करून होल्डर घालेपर्यंतच्या वीस सेकंदांत असतो. माणूस मागे टेकतो आणि काम संपलं. दीड मीटरवर एफ/८ ला सगळी मिळून चौदाएक सेंटिमीटरची जागा असते, तीही ढिलाईने मोजली तर. लेन्सबोर्डाला सुती दोरी बांधा, फोकस झाला की समोरच्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यापाशी दोरीला गाठ मारा. होल्डर घातला, डार्क स्लाइड (होल्डरचं सरकतं झाकण) काढली, की दोरी ताणून गाठ डोळ्याला भिडते का बघा, "आज्जी, जरा म्होरं" म्हणा, दोरी सोडा, क्लिक. लोक हसतात, आणि हसल्याने चेहरा मोकळा होतो, हा वरचा फायदा.

रेंजफाइंडर हा हातात धरून काम करणाऱ्यांचा मार्ग. स्पीड ग्राफिक, लिनहॉफ टेक्निका अशा कॅमेऱ्यांवर तो असतो आणि शिगम्याच्या मिरवणुकीत ट्रायपॉड उघडायला जागा नसते तिथे त्याला तोड नाही. पण तो ठरावीक लेन्सशी जुळवलेला असतो. टेक्निकाला प्रत्येक लेन्सचा वेगळा कॅम (जुळवणीचा धातूचा तुकडा) लागतो. लेन्स बदलली आणि कॅम तोच राहिला तर तो बिनधास्त खोटं सांगतो. तुमच्या लाकडी कॅमेऱ्याला तो नाहीच, तेव्हा हा विषय इथेच सोडू.

अंधाऱ्या जागी, म्हणजे जुन्या गोव्याच्या चर्चच्या आत किंवा तांबडी सुर्ल्याच्या देवळाच्या मंडपात, काचेवर काळोखाशिवाय काही दिसत नाही. (संरक्षित वास्तूत ट्रायपॉडला लेखी परवानगी लागते, ती काढूनच जा.) दोन छोटे टॉर्च न्या. एक जवळच्या खांबापाशी कॅमेऱ्याकडे तोंड करून, दुसरा लांबच्या टोकाला. उजेडाचा ठिपका बारीकात बारीक झाला की फोकस. दोन ठिपके, पट्टीवर दोन आकडे, पुन्हा तीच जवळ-दूर पद्धत.

फोकस झाल्यावरचा क्रम मी कधीच बदलत नाही. आधी सगळे लॉक. मग अॅपर्चर कामाच्या आकड्यावर आणून भिंगाने चारही कोपरे पुन्हा बघणे, कारण काही जुन्या लेन्सचा फोकस अॅपर्चर बारीक करताना सरकतो. काच अंधारलेली असते, डोळ्यांना कापडाखाली अर्धा मिनिट द्या. मग शटर बंद. हे विसरून डार्क स्लाइड काढलेल्या शीटची माझ्याकडे एक वेगळी थप्पी आहे. मग होल्डर, सावकाश, एका हाताने मागची बाजू धरून; जुन्या कॅमेऱ्याची स्प्रिंग कडक असते आणि जोर लावला की मागचं स्टँडर्ड हलतं. तुमच्या सातपैकी एक-दोन शीट इथेच गेल्या असतील असा माझा अंदाज. कॅमेरा खाली तोंड करून असेल तर होल्डर घालण्याआधी हाताच्या तळव्यावर हलकेच आपटा, आत सैल असलेली फिल्म खाली बसते.

पुढची पंचवीस शीटची पेटी अशी वापरा: एक काडेपेट्यांना, वीस जवळ-दूर पद्धतीने टिल्ट शून्यावर ठेवून, आणि प्रत्येक शीटमागे वहीत पट्टीवरचे दोन आकडे, अॅपर्चर, वारा होता की नव्हता. उरलेल्या चार उसगाळीमळसाठी ठेवा. पावसाळ्यात नदी कातळावर येते, म्हणून जानेवारीनंतर जा, आणि सकाळी लवकर, ऊन तिरपं असताना. ऊन डोक्यावर आलं की कोरीव रेघा दिसतच नाहीत, मग टिल्ट कितीही अचूक असो.